नको असलेलं खातं

बाल्टिमोर, ऑक्टोबर १८९७. जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात आणि तुमच्या पँटवर जित्याच्या गणपतींच्या कारखान्यातलं पांढरं प्लास्टर अजून तसंच आहे. कुठले तुम्ही, असं कुणी विचारलं तर सांगणार काय? पेण तालुक्यातलं जिते, हमरापूरच्या अलीकडचं स्टेशन? ते स्टेशन व्हायला जवळजवळ नव्वद वर्षं आहेत. तुमच्या जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा आहे. गागोद्याला भाव्यांच्या घरचा विनायक, पुढचे विनोबा, नुकता दोन वर्षांचा झालाय. मुंबईत प्लेग आहे, पुण्यात जूनमध्ये रँडला गोळ्या घातल्यात, टिळक तुरुंगात आहेत.

कॉरिडॉरच्या त्या टोकाकडून एक सत्तावीस वर्षांचा डॉक्टर पळत येतो. चालत नाही, पळत. टेक्ससचा गडी आहे, वडील आणि आजोबा दोघंही फौजेत जनरल. व्हर्जिनिया विद्यापीठातून बी.ए., एम.ए. आणि एम.डी. अशा तीन पदव्या त्याने चार वर्षांत खिशात घातल्यात. नाव ह्यू हॅम्प्टन यंग. वळणावर त्याची एका टापटीप गृहस्थाशी अशी धडक होते की तो गृहस्थ पडता पडता वाचतो. हे विल्यम हाल्स्टेड, इथले मुख्य सर्जन. यांचे शर्ट धुवायला पॅरिसला जातात. ऑपरेशनच्या वेळी रबरी हातमोजे घालायची पद्धत यांच्याच थिएटरमधून जगभर गेली. यंग माफी मागू लागतो. हाल्स्टेड म्हणतात, मी तुम्हालाच शोधत होतो, मूत्रविकार विभाग तुम्ही सांभाळायचा आहे.

यंगचा चेहरा बघा. बढती मिळालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. मला त्यातलं काही येत नाही, असं तो बोलूनही दाखवतो. ते इथल्या डॉ. वेल्शना आणि मला ठाऊक आहे, पण तुम्ही शिकाल असं आम्हा दोघांना वाटतं, अशा अर्थाचं काहीतरी हाल्स्टेड सांगतात आणि निघून जातात. हा प्रसंग यंगनेच १९४०मध्ये आत्मचरित्रात लिहून ठेवला. चाळीस वर्षांनी सांगताना माणूस थोडा रंग भरतोच, पण यात तो स्वतःच अडाणी ठरतो, म्हणून बहुतेक खरंच सांगत असावा.

त्याला वाईट का वाटावं? कारण हे खातं कुणालाच नको आहे. दवाखान्याच्या त्या टोकाला येतात ते परमा आणि गरमी झालेले खलाशी, नळ्या घालून घालून मार्ग आवळलेले मजूर आणि लघवी तुंबलेले म्हातारे. सर्जनला पोट उघडायचं असतं, गाठी काढायच्या असतात. इथे नाव कसलं होणार?

आणि तुम्ही? तुम्हाला इथे आणलं ते तुमच्या मूत्राशयाने. वय त्रेसष्ट. रात्री उठावं लागतं, उठल्यावर ताटकळावं लागतं, धार लागली तरी मध्येच तुटते, आणि अंथरुणावर येऊन पडलात की पुन्हा लागल्यासारखं वाटतं. कारखान्यातल्या पोरांना हे सांगण्यासारखं नाही. डोळ्यांची आखणी करताना तीन तास बैठक मारणारे तुम्ही, आता तासाभरात ब्रश ठेवून उठता आणि चहाचं निमित्त सांगता.

दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत एक हिशेब करून बघा. हाच त्रास याआधीच्या कुठल्याही काळात झाला असता तर? सुश्रुतसंहितेत मूतखड्याची शस्त्रक्रिया आहे: गुदद्वारातून बोटांनी खडा खाली दाबून धरायचा, शिवणीच्या डाव्या बाजूला जवभर अंतर सोडून छेद घ्यायचा. पण आधी राजाची परवानगी घ्या, असंही तिथेच बजावलंय, म्हणजे रोगी दगावण्याची शक्यता केवढी होती ते कळतं. प्रोस्टेट वाढलेल्याला तर एवढाही उपाय नव्हता. पैसेवाल्या युरोपियन म्हाताऱ्याकडे स्वतःची चांदीची नळी असायची. ती तो बरोबर बाळगायचा आणि दिवसातून तीन-चारदा स्वतःच घालून मोकळा व्हायचा. उकळत्या पाण्याशी त्या नळीचा संबंध नसल्यामुळे कधीतरी ताप भरायचा, थंडी वाजायची, आणि मग फार दिवस लागत नसत. जित्याच्या म्हाताऱ्याला ती नळीही मिळाली नसती.

खड्याच्या बाबतीत मात्र अमेरिकेने एक चांगलं काम आधीच केलं होतं. बोस्टनच्या हेन्री बिगेलोने १८७८मध्ये दाखवून दिलं की रोग्याला ईथर देऊन खडा मूत्राशयातच चिरडायचा आणि जाड नळीतून एकाच बैठकीत सगळा चुरा ओढून घ्यायचा. छेद नाही, पुन्हा पुन्हा येणं नाही. आणि ही रीत आपल्या लोकांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही, ही गोष्ट मला फार आवडते. होळकरांच्या इंदुरात रेसिडेन्सी सर्जन असलेल्या कीगनने १८८०च्या दशकात लहान मुलांवर ती करून दाखवली, मुलांचा मार्ग अरुंद म्हणून हे जमणार नाही असं मोठमोठे सर्जन सांगत असताना. १८८७मध्ये त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं. उत्तरेत फ्रेयर नावाचा दुसरा एक सरकारी सर्जन खडे चिरडत होता. रामपूरच्या नबाबाने खूश होऊन त्याला लाख रुपये दिले, तेव्हा सरकारच्या पोटात दुखलं होतं. हा फ्रेयर पुन्हा भेटेल.

तुमचा नंबर येतो, तसा एक अडथळाही येतो. नर्स तुमच्या रंगाकडे बघते आणि दुसऱ्या वॉर्डकडे बोट दाखवते. हॉपकिन्समध्ये काळ्यांची सोय वेगळी आहे. जॉन्स हॉपकिन्स या बिनलग्नाच्या व्यापाऱ्याने सत्तर लाख डॉलर ठेवून विश्वस्तांना लिहिलेल्या पत्रात वर्णाचा भेद न करता गरिबांवर उपचार व्हावेत असं म्हटलं होतं. उपचार होतात, पण भिंतीच्या त्या बाजूला. इथून दीडशे किलोमीटरवरच्या फिलाडेल्फियात अकरा वर्षांपूर्वी आनंदीबाई जोशी नऊवारी नेसून एम.डी. झाल्या. त्याआधी काही काळ त्या अलिबागला राहिलेल्या. त्या आज असत्या तर त्यांना कुठल्या दाराने आत घेतलं असतं, हा विचार करत तुम्ही त्या बाजूला जाता.

यंग तुम्हाला टेबलावर घेतो. कोकेनचं पाणी आत सोडतो, थोडा वेळ थांबतो. हातातली वस्तू नीट बघून घ्या: पेन्सिलीहून जाड धातूची नळी, पुढचं टोक किंचित वाकवलेलं, त्या टोकावर वाटाण्याहून लहान काचेचा दिवा, मागे बघायचं भिंग. जर्मनीच्या मॅक्स नित्सेने १८७७मध्ये अशी पहिली दुर्बीण केली, तेव्हा दिव्याऐवजी प्लॅटिनमची तापलेली तार होती आणि ती गार ठेवायला भोवती पाणी खेळवावं लागायचं. एडिसनचा बल्ब आला, तो इवलासा करता आला, आणि मग कुठे माणसाच्या आत उजेड पडला. मूत्राशय बोरिकच्या पाण्याने भरून घेतात, नाहीतर भिंती एकमेकींना चिकटून काहीच दिसत नाही. यंग डोळा लावतो. तो काय बघतोय ते तुम्हाला दिसत नाही, पण सांगता येईल. निरोगी मूत्राशय आतून गुलाबी आणि गुळगुळीत असतं. तुमच्या मूत्राशयाच्या भिंतीवर दोऱ्या उमटल्यात, एकमेकींत गुंतलेल्या, मध्ये खळगे. अडलेल्या दाराशी वर्षानुवर्षं जोर लावून तिथल्या स्नायूंनी अंग धरलंय. आणि दाराशी दोन्हीकडून प्रोस्टेटची फुगलेली अंगं आत आलीत.

खलाश्याची चौकशी करताना यंगचा जो सूर होता, तोच तुमची करताना आहे. किती वेळा, केव्हापासून, रक्त जातं का. तो सगळं लिहून घेतो, प्रत्येक रोग्याचं. नको असलेल्या खात्याचं त्याने काय केलं याचं अर्धं उत्तर या वह्यांमध्ये आहे. ज्या गोष्टीबद्दल बोलायची लाज होती, तिची तो मोजदाद करू लागला.

पुढे चला. १९०४, ७ एप्रिल. यंग चौतीसचाही झालेला नाही. गेली दोन वर्षं तो वाढलेलं प्रोस्टेट खालच्या बाजूने, शिवणीतून काढतोय. त्यासाठी त्याने स्वतःचं एक हत्यार बनवलंय. मूत्रमार्गातून ते आत घालायचं, आत त्याची पाती उघडायची आणि खोलवरचं प्रोस्टेट हाताशी ओढून घ्यायचं. मग वेष्टणाला छेद देऊन बोट आत. इथे तुम्ही पुढे सरकून बघाल, कारण ही हालचाल तुमच्या हाताची आहे: रबरी साच्यातून मूर्ती सोडवताना कानाशी, सोंडेशी बोट जसं अंदाजाने फिरतं तसं ते वेष्टण आणि गाठ यांच्या मधून फिरतं, आणि गाठ सुटून हातात येते. वेष्टण मागे राहतं.

पण आजचा रोगी वेगळा आहे. यंगच्या बोटाला आतली गाठ दगडासारखी लागलीय. हा कॅन्सर आहे आणि बोटाने सोडवून तो सुटणार नाही. म्हणून तो प्रोस्टेट वेष्टणासकट, मागच्या शुक्राशयांसकट, मूत्राशयाच्या मानेचा तुकडा बरोबर घेऊन काढतो आणि मग मूत्राशय खाली ओढून उरलेल्या मार्गाला शिवतो. या रोगासाठी अशी पद्धत आजवर कुणी नीट बसवलेली नाही. टेबलाच्या पलीकडे हूक धरून, रक्त टिपत, मदतनीस म्हणून कोण उभं आहे? हाल्स्टेड. सात वर्षांपूर्वी ज्याला काही येत नव्हतं त्याच्या हाताखाली. आपल्याकडे खातेप्रमुखाने असं उभं राहिल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही.

दरम्यान फ्रेयर आठवतो ना? हिंदुस्थानातली नोकरी संपवून तो लंडनला गेलाय आणि १९००पासून पोटाकडून मूत्राशय उघडून बोटाने प्रोस्टेट काढतोय. झटपट, चांगले निकाल, प्रचंड गाजावाजा. वरून की खालून, या वादात दोन्हीकडच्या सर्जनांनी रकानेच्या रकाने खर्च केले. यंग शेवटपर्यंत खालच्या मार्गाचा कैवारी राहिला. त्याचा हट्ट थोडा अति होता असं मला वाटतं, पण जुन्या वादात आज बाजू घेणं सोपं असतं.

१९१२. आता जरा मजेशीर रोगी. जेम्स ब्युकॅनन ब्रेडी, लोक त्याला डायमंड जिम म्हणतात. रेल्वेला लागणारं सामान विकून गबर झालेला न्यूयॉर्कचा विक्रेता. शर्टाच्या गुंड्या हिऱ्यांच्या, छडीची मूठ हिऱ्यांची. दारूला शिवत नाही, पण संत्र्याचा रस घागरीने पितो आणि जेवतो असं की वाढपी थकतात. त्याची लघवी अडलीय. वर मधुमेह, रक्तदाब, छातीत कळा. इतर मोठ्या डॉक्टरांनी हात वर केलेत, कारण याला भूल दिली तर हा टेबलावरच जाईल. तुम्ही त्याच्या शेजारी बसलात तर चटकन ओळख पटेल. अडलेल्या माणसाची बसायची एक रीत असते, ती सगळीकडे सारखीच.

यंगने तीन वर्षांपूर्वी एक साधी वस्तू बनवलीय. नळी, टोकाला वाक, वाकाजवळ एक खाच. नळी आत घालून हळूच मागे ओढली की आडवा आलेला मांसाचा पट्टा त्या खाचेत पडतो, मग आतून दुसरी धारदार नळी पुढे ढकलायची. तुकडा कापला जातो, नळीतून बाहेर. कोकेनवर भागतं, पूर्ण भूल नको, पोटावर छेद नको. दोष एकच पण मोठा: डोळ्याला काही दिसत नाही आणि रक्त थांबवायला हाताशी काही नाही. ब्रेडी वाचला, सुटला, आणि खूश होऊन त्याने दोन लाख डॉलरवर रक्कम दिली. तिच्यातून १९१५मध्ये हॉपकिन्सच्या आवारात ब्रेडी युरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. ज्या खात्याला नीटसा कोपरा नव्हता, त्याला मजल्यांची इमारत मिळाली ती एका खादाड माणसाच्या प्रोस्टेटमुळे. १९१७मध्ये यंगने 'जर्नल ऑफ युरॉलॉजी' हे मासिक काढलं आणि मरेपर्यंत ते संपादित केलं.

त्याच वर्षी, पहिल्या महायुद्धात, तो अमेरिकन सेनापती पर्शिंगच्या फौजेबरोबर फ्रान्सला गेला. काम तेच, खलाश्यांऐवजी शिपाई. गुप्तरोगाने आजारी पडलेला शिपाई लढू शकत नाही, एवढ्या रोखठोक भाषेत तो सेनापतींशी बोलायचा. इथे आपण थांबायला नको.

१९१९मध्ये मात्र थांबा. ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनना पक्षाघाताचा झटका आला. वर लघवी बंद झाली, आणि व्हाइट हाउसने यंगला बोलावलं. ऑपरेशन करावं तर माणूस राहील की नाही, न करावं तरी तेच. शेवटी थांबायचं ठरलं, आणि अडथळा आपोआप सुटला. जगाच्या तहनाम्यावर सही केलेला माणूस आणि जित्याचा मूर्तिकार, दोघांचं लक्ष काही तास एकाच गोष्टीकडे लागलेलं.

त्याच वर्षी यंगच्या इन्स्टिट्यूटमधून आलेली दुसरी गोष्ट तुम्ही ओळखता. ब्रेडीमध्ये ते असा रंग शोधत होते की जो मूत्रमार्गातले जंतू मारील आणि आतल्या नाजूक अस्तराला इजा करणार नाही. पारा मिसळलेले एकामागून एक रंग तपासले. दोनशे विसावा चालला, म्हणून त्याच्या नावापुढेही २२० हा आकडा लागला: मर्क्युरोक्रोम. होय, तेच. शाळेच्या मैदानावर गुडघा फुटला की मास्तर कपाटातून बाटली काढायचे आणि कापसाच्या बोळ्याने लाल औषध फासायचे. वाळल्यावर कडेने हिरवट सोनेरी झाक यायची. आयोडीनसारखं झोंबत नाही म्हणून पोरं खूश. बाल्टिमोरच्या मूत्राशयांसाठी शोधलेलं औषध पेण तालुक्यातल्या गुडघ्यांवर संपत होतं. यंगने त्याचा जरा जास्तच उदोउदो केला. रक्तात जंतू पसरलेल्या रोग्यांना ते शिरेतून टोचण्यापर्यंत मजल गेली, आणि तो प्रकार पुढे टिकला नाही. हुशार माणसाला आपलं औषध सगळ्यावर चालेलसं वाटू लागतं. शेवटी पाऱ्याच्या भीतीने अमेरिकेच्या दुकानांतूनही ती बाटली नाहीशी झाली.

तिसरी गोष्ट कमी बोलली जाते, पण मला तीच मोठी वाटते. काही मुलगे जन्मतःच मूत्रमार्गात पडद्याची घडी घेऊन येतात. लघवी तिथे अडते, मागे फुगत जाते, मूत्रपिंडं निकामी होतात आणि बाळ जातं. का गेलं ते कुणाला कळत नसे. यंगने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९१९मध्ये अशा मुलांची नीट मांडणी केली, पडद्यांचे प्रकार सांगितले, जिवंतपणी निदान कसं करायचं ते दाखवलं. आज गरोदरपणीच्या सोनोग्राफीत हे दिसतं आणि बाळ काही दिवसांचं असताना दुर्बिणीतून तो पडदा फोडतात.

तुम्हाला मात्र १९२६ आणि त्यापुढची काही वर्षं लागतील. न्यूयॉर्कच्या स्टर्नने खाचेच्या नळीत विजेची तार आणली, मॅकार्थीने तिच्यात चांगली दुर्बीण जुळवली. आता दिसतंही होतं, आणि कापता कापता रक्तही बंद करता येत होतं. पेणमध्ये कुणीही ज्याला सरळ 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतं ते हेच, यंगच्या आंधळ्या नळीचं नातवंड. यंग २३ ऑगस्ट १९४५ला गेला, जपानने शस्त्रं खाली ठेवल्यावर आठवड्याभराने. पेनिसिलीन तेव्हा आलेलं होतं, आणि ज्या परम्याच्या रोग्यांनी त्याचा दवाखाना भरलेला असायचा, ते इंजेक्शनांनी झटपट बरे होऊन घरी जाऊ लागले होते. त्याच्याच संस्थेत १९८२च्या एप्रिलमध्ये पॅट्रिक वॉल्शने कॅन्सरचं प्रोस्टेट काढताना बाजूच्या नसा ठरवून वाचवल्या. तोवर हे ऑपरेशन झालेले बहुतेक पुरुष जगायचे, पण पुरुषपण गमवायचे, आणि डॉक्टरही त्याला नाइलाज मानायचे.

आता पेण. युरॉलॉजिस्टच्या वेटिंग रूममध्ये पंखा कुरकुरतोय. बायको शेजारी आहे, तिनेच ओढून आणलंय. काउंटरवरची मुलगी एक कागद देते. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने १९९२मध्ये बनवलेले सात प्रश्न, मराठीत उतरवलेले. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, जास्तीत जास्त पस्तीस. सातपर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, पुढे तीव्र. चष्मा आणलेला नाही म्हणून मुलगी मोठ्याने वाचते, आणि तुम्ही शक्य तितक्या हळू उत्तरं देता. धार तुटते का? कधीमधी. जोर लावावा लागतो का? थोडा. रात्री झोपल्यापासून सकाळपर्यंत किती वेळा उठता?

"दोनदा," तुम्ही म्हणता.

"अहो, काय बोलताय!" बायकोचा आवाज अख्ख्या खोलीत जातो. "पाच, बाई. पाच लिही. मी जागीच असते."

समोरच्या बाकावरचे तिघं म्हातारे एकदम जमिनीकडे बघू लागतात. मुलगी दोनचे पाच करते, बेरीज अठरावरून एकवीसवर जाते. आत डॉक्टर कागद बघतात, तपासतात, रक्ताची चाचणी लिहून देतात आणि सांगतात, "उद्या सकाळी सोनोग्राफी करून घेऊ. लिटरभर पाणी पिऊन या, काका, आणि नंबर लागेपर्यंत लघवीला अजिबात जायचं नाही."